‘ऐकीव’च्या सिस्टर

साइटवर चढवायचा प्रत्येक मजकूर सिस्टर आधी, ज्याच्याबद्दल लिहिलाय, त्याला वाचून दाखवायच्या. फोनवर, सावकाश, स्वल्पविरामासकट. समोरचा माणूस भात झोडत असो की एसटीत दांडीला धरून उभा असो, त्या विचारायच्या, आता बारा मिनिटं आहेत का, आणि असली तर सुरू. स्तुतीचा भाग आला की आवाज खाली जायचा, उरकून टाकल्यासारखा. टीकेचा आला की एकेक शब्द सुटा. शेवटी प्रश्न ठरलेला असायचा, यात खोटं काय आहे? वाईट काय वाटलं, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. ज्यांच्याकडे रेंज नसायची त्यांच्याकडे त्या स्वतः जायच्या. जीपने, मग पायी. त्यामुळे आमचं मासिक इंटरनेटवर असूनही कायम उशिरा निघायचं, आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागणारं एक टिपण दर अंकात पहिलं असायचं. तेही त्या मला आधी वाचून दाखवायच्या.

मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. निवृत्त झाल्यावरही बाजारात त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, म्हणून मीही इथे सिस्टरच म्हणतो. माझी मुरबाडला एका दुकानाच्या माडीवर संगणकाची शिकवणी होती, शहापूरहून मी मोटारसायकलने यायचो. निवृत्तीला वर्षभर उरलं असताना सिस्टर माझ्या वर्गात अकरावीच्या मुलींच्या रांगेत येऊन बसल्या. मला मराठी टायपिंग आणि लोकांना दिसेल अशा जागी लिहिणं एवढंच शिकवा, बाकीचं नको, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असेन, पण शिकवतो म्हणून त्या मला सर म्हणाल्या. पुढे बारा वर्षं मी त्यांच्या मासिकाचा तंत्रज्ञ, मुद्रितशोधक, ड्रायव्हर असं सगळं झालो, तरी सरच राहिलो. रागावल्या की ‘सर’ जास्त वेळा यायचं.

लसीकरणाच्या निमित्ताने त्यांनी तालुक्यातले पाडे पायांनी पालथे घातले होते, आणि शेजारच्या शहापूर तालुक्यातले डोळखांबच्या बाजूचेही. पोरांना सुया टोचून झाल्या की पावसामुळे, नाहीतर जीप चुकल्यामुळे त्या तिथेच अडकायच्या आणि गाणी ऐकायच्या. कोण ढोल चांगला वाजवतो, कुणाला जुनी लग्नगीतं येतात, कुणाचा आवाज बाळंतपणानंतर बदलला, हे त्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर लिहायच्या. पुढच्या पानांवर पोलिओ, मागच्या पानांवर गाणी. निवृत्त झाल्यावर मागच्या पानांचं काय करायचं, या काळजीतून ‘ऐकीव’ निघालं. मी त्यांना सांगितलं होतं की ऐकीव म्हणजे ज्याची खात्री नाही असं, लोक हसतील. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की मग बरोबरच आहे, खात्री तरी कुठे आहे.

काळजी हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग होता. साइट बंद पडेल, आवाज पुसले जातील, कुणी आडनाव चुकीचं वाचेल, कुणाच्या सासरचे रागावतील. सकाळी सहाच्या आत त्यांचा फोन यायचा, उघडतंय का बघा. मी अंथरुणातच बघायचो आणि उघडतंय म्हणायचो. फोन कट. सुरुवातीला मला हसू यायचं. दुसऱ्या वर्षापासून मी फोन येण्याआधीच जागा होऊन साइट उघडून बघायला लागलो. तो आजार मला त्यांच्याकडूनच लागला.

रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्क त्यांनी लशी न्यायच्या निळ्या डब्यात ठेवल्या होत्या. आत बर्फाच्या पिशव्यासुद्धा ठेवणार होत्या. ओल लागून सगळं जाईल, हे पटवायला मला दोन दिवस लागले. बर्फ गेला, पण थर्मामीटर राहिला. डब्यातलं तापमान त्या सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायच्या. उन्हाळ्यात आकडा चढला की ओलं फडकं पिळून डब्याशेजारी, डब्याला लागणार नाही अशा बेताने, वाळत घालायच्या.

त्यांचा पहिला लेख शेजारच्या हळदीत वाजलेल्या बेंजो पार्टीवर होता. ढोलकीचं मनापासून कौतुक होतं. कीबोर्डवाल्याबद्दल एकच वाक्य होतं, की हा मुलगा दुसऱ्याचं वाजवणं ऐकत नाही, स्वतःचंच ऐकत बसतो. कीबोर्डवाला आटगावचा. लेख फोनवर ऐकल्यावर तो गाडी काढून थेट सिस्टरच्या दारात आला. सिस्टरनी त्याला चहा दिला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं, यात खोटं काय आहे ते सांगा म्हणून. त्याने चहा संपवला. मग म्हणाला की खोटं काय नाय, पण तुमी हे ढोलकीवाल्याच्या समोर वाचू नका. पुढे तोच आमच्याकडे लिहायला लागला. कुठल्या पार्टीने कुणाची चाल उचलली, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे.

दिवाळीनंतर पाडे रिकामे व्हायचे. माणसं पोरंबाळं घेऊन वीटभट्ट्यांवर जायची, आणि आमचे खरे वाचक तेव्हा सुरू व्हायचे. वाचक म्हणजे ऐकणारे. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, ते फोनवर बोलून निरोप पाठवायचे. मागे ट्रक, कुत्री, पोरांचं रडणं, आणि पुढे एखादी बाई सांगते आहे की सिस्टर, आमच्या पाड्याचा ढोल परत लावा, पोरगा झोपत नाय. सिस्टर ते निरोप जसेच्या तसे, पाठवणाऱ्याला विचारून, ‘बोललेली पत्रं’ म्हणून चढवायच्या. मला वाटतं, ‘ऐकीव’मधलं सगळ्यात चांगलं तेच होतं.

पण मला तेव्हा ते पुरेसं वाटत नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. दुसरी लोकं रोज काही ना काही टाकत होती, त्यांच्याकडे हजारो माणसं जात होती, आणि आम्ही एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याला त्याच्याबद्दलचा परिच्छेद ऐकवायला रेंज शोधत फिरत होतो. मी दोन-तीनदा बोलून पाहिलं. सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि त्याच आठवड्यात पुन्हा जीपमध्ये बसायच्या.

डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर सोमीबाय राहायची. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नात विधीची गाणी म्हणणारी. आसपासच्या गावांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. सिस्टरनी तिच्याकडे तीन दुपारी रेकॉर्डिंग केलं होतं. तिसऱ्या दुपारी सगळं आटोपल्यावर, फोन चालूच असताना, सोमीबाय भिंतीला टेकून स्वतःशीच एक धवळा म्हणायला लागली. नवरीला हळद लावायचा. फाईल माझ्याकडे आली तेव्हा वहीत सिस्टरनी त्या फाईलपुढे एकच शब्द लिहिला होता, थांबा.

त्याच सुमारास सिस्टरच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आणि ऑपरेशनसाठी त्या ठाण्याला भाचीकडे गेल्या. पंधरा दिवस मासिक माझ्याकडे होतं. मी ते गाणं ऐकलं, आणि पुन्हा ऐकलं. इतकं चांगलं आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. ‘थांबा’ म्हणजे अजून वाचून दाखवायचं राहिलंय, एवढंच असणार, असा अर्थ मी लावला. खरं सांगायचं तर मला तो अर्थ हवा होता. सिस्टरना फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. गाण्याच्या मधे एकदा कोंबडा आरवला होता, एकदा कुणीतरी खोकलं होतं. ते भाग मी कापले, टोकं जुळवली आणि फाईल चढवली.

चार दिवसांत ती आमच्या इतर कुठल्याही फाईलपेक्षा जास्त लोकांनी ऐकली. मी रोज आकडा बघत होतो आणि खूश होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी शहापुरात एका मित्राच्या भावाच्या हळदीला गेलो होतो. डीजेने एक गाणं लावलं, खाली जोरदार ठेका, आणि ठेक्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मला ओळखायला एक क्षण लागला. लोक नाचत होते, एक काका डोक्यावर ताट घेऊन गोल फिरत होते. मी डीजेवाल्याला विचारलं, हे कुठून मिळालं. तो म्हणाला, सगळ्यांकडे आलंय, या सीझनचं हेच आहे. मी ताटावर न बसता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मुरबाडला परतल्या होत्या. काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सोमीबायला विचारलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं.

सोमीबायला एक मुलगी होती, हिरी. लग्न ठरलं होतं, आणि त्या आधीच भट्टीवर तापाने गेली. सोमीबायने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना हळदीची गाणी म्हटली, तिच्या मुलीला म्हणायची राहिली. म्हणून अधूनमधून एकटी असताना ती नवरीच्या जागी हिरीचं नाव घालून तो धवळा म्हणायची. गेलेल्या पोरीचं लग्न. ते तिने सिस्टरखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. मंगल कामाची बाई ती. असं गाणं ती म्हणते हे कळलं, तर कोण तिला आपल्या मांडवात बोलावणार?

"आणि आता ते गाणं घरोघरच्या हळदीत वाजतंय, सर," सिस्टर म्हणाल्या. "तिने अजून ऐकलं नसेल तर बरं."

डोळ्याला धूळ लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून ओढणी गुंडाळली आणि माझ्या मागे बसल्या. सरळगाव, किन्हवली, मग डोळखांबचा रस्ता. वाटेत दोन मांडव लागले आणि दोन्ही वेळा त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली, गाणं कोणतं लागलंय ते कळेपर्यंत. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमीबाय घरी नव्हती. सुनेने सांगितलं की खालच्या गावात हळद आहे, सकाळपासून तिथेच आहेत. आम्ही खाली उतरलो. मांडवाच्या तोंडाशी डीजेचे खोके लावून झाले होते आणि एक तरुण वायरी जोडत होता. सिस्टर सरळ त्याच्याकडे गेल्या. ते म्हातारीचं गाणं आहे का तुझ्याकडे, म्हणून विचारलं. आहे म्हणाला, नवरीच्या भावाने खास सांगितलंय, पहिलं तेच. नको लावू, असं सिस्टर म्हणाल्या, तर त्याने ऑर्डर आहे म्हणून खांदे उडवले. सिस्टरनी चष्मा जरा खाली करून त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या आईचं नाव विचारलं, पाडा विचारला.

"तुला गोवराची सुई मी टोचली आहे. तू माझा हात चावला होतास. एक तास थांब, बाबा. तासाने काय करायचं ते सांगते."

तो तरुण ओशाळला आणि दुसरं गाणं शोधायला लागला.

सोमीबाय घराच्या मागे, चुली मांडल्या होत्या त्याच्या पलीकडे आंब्याखाली बसली होती. पदराने वारा घेत होती. सिस्टरला बघून तिला आनंद झाला, डोळ्याला काय झालं गो, म्हणून तिने चष्म्याला हात लावला. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. नवरीकडच्या बाया चुलीशी होत्या, म्हणून आवाज अगदी खाली होता. तुझं ते गाणं बाहेर गेलं, असं त्यांनी सांगितलं. कसं गेलं, कुठे वाजतंय, त्याचं काय केलंय, सगळं क्रमाने, काही न वगळता. फक्त एक गोष्ट बदलली. मी लावलं, असं म्हणाल्या. मी मागे उभा होतो आणि मी ते खोडून काढलं नाही.

सोमीबायचा चेहरा मला वाचता येईना. तिने ऐकवा म्हटलं. सिस्टरनी फोन तिच्या कानाशी धरला, आधी आमच्या साइटवरचं, मग ठेक्याचं. ऐकताना तिची मान किंचित हलत होती. मला वाटत होतं, ती आता उठेल आणि शिव्या देईल, किंवा रडेल, आणि चुलीपाशच्या बायका माना वळवतील. दोन्ही ऐकून झाल्यावर तिने फोन बाजूला सारला.

"आवाज माजाच हाय," ती म्हणाली. "पन तिचा नाव कुठं गेला?"

सिस्टरना कळेना. त्यांनी पुन्हा लावलं. धवळ्यात चार वेळा हिरीचं नाव येतं, सोमीबाय म्हणाली, आणि यात एकदा पन नाय. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. नावं होती ती कोंबडा आरवला होता तिथे, खोकला आला होता तिथे, आणि आणखी दोन ठिकाणी, जिथे सोमीबायचा आवाज नाव घेताना फाटला होता आणि मला ते कानाला बरं वाटलं नव्हतं.

"मी कापलं," मी म्हणालो. "मीच लावलं आणि मीच कापलं. सिस्टरना माहीत नव्हतं."

सोमीबायने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मंग जोड," ती म्हणाली.

सिस्टरनी तिचा हात धरला. नाव जोडलं तर लोकांना कळेल, गाणं कुणाचं आहे ते. तुला लग्नांना बोलावणार नाहीत. आत्ता काही कळलेलं नाही, मी सगळं उतरवून टाकते, हळूहळू लोक विसरतील. त्या भराभर बोलत होत्या, नर्स बाळंतिणीला समजावते तशा. सोमीबायने त्यांना पुरं बोलू दिलं.

"नाय बोलवला तं नाय. लोकांच्या पोरींची लगना मी लय केली. हिचा एकच हाय, ना त्यात पन नवरीचा नाव नाय?"

मांडवातून कुणीतरी तिला हाक मारली. हळद कालवून झाली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीसाठी, स्वच्छ आणि खणखणीत. सिस्टर आंब्याखाली बसूनच राहिल्या. तास संपल्यावर त्या डीजेवाल्याकडे गेल्या आणि ते गाणं आज नको, एवढंच म्हणाल्या. त्याने लावलं नाही.

त्या आठवड्यात मी मूळ फाईल डब्यातल्या डिस्कवरून काढली आणि कोंबड्यासकट, खोकल्यासकट, चारही नावांसकट चढवली. खाली गाणं कुणाचं, कुणासाठी, हे सोमीबायने सांगितलं तेवढंच लिहिलं. आधीची फाईल कुणी आणि का कापली होती, तेही लिहिलं. तो मजकूर सिस्टरनी पाड्यावर जाऊन तिला वाचून दाखवला. मलाही त्यांनी फोनवर वाचून दाखवला, मीच लिहिलेला. यात खोटं काय आहे, म्हणून विचारलं.

ठेक्याचं गाणं तो सगळा सीझन वाजलं आणि मग लोक कंटाळले. सोमीबायला दोन घरांनी ऐनवेळी नको म्हणून कळवलं. ओढ्यापलीकडच्या गावांनी तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. तिच्या स्वतःच्या पाड्याने मात्र बोलावलं, आणि भट्ट्यांवरून बोललेली पत्रं आली, ती इतकी की सिस्टरना ती ऐकायला महिना लागला. त्यांतली बरीचशी आयांची होती आणि त्यांनी सांगितलेली नावं मी इथे लिहिणार नाही. सोमीबायला किती बोलावणी आली याची काळजी सिस्टरनी पुढे दरवर्षी केली. दर उन्हाळ्यात त्या मला तिच्या सुनेला फोन करायला लावायच्या, अगदी सहज विचारल्यासारखं विचारा म्हणायच्या. मी इतका सहज विचारायचो की सून हसायची.

‘ऐकीव’ गेल्या वर्षी बंद झालं. भांडण झालं नाही, कुणी बंद पाडलं नाही. सिस्टरनी सत्तरी ओलांडली, गुडघे पाडे चढेनात, आणि न जाता नुसतं चढवणं त्यांना जमेना. कीबोर्डवाल्याने आणि मी चालवायची तयारी दाखवली. त्यांनी नको म्हटलं. साइट बंद करायच्या आधी त्यांनी मला मेमरी कार्डं आणायला सांगितली. ज्याचं गाणं त्याच्या कार्डावर, पाकिटावर नाव, आणि ते आम्ही हातात नेऊन द्यायचं. त्याला पूर्ण हिवाळा लागला. जिथे माणूस गेला होता तिथे मुलाला, नातीला दिलं. जिथे दार बंद होतं तिथे भट्टीचा पत्ता काढून गेलो. प्रत्येक ठिकाणी सिस्टर दारात उभ्या राहायच्या, कार्ड फोनमध्ये घातलं जाऊन आवाज येईपर्यंत हलायच्या नाहीत.

शेवटचं कार्ड सोमीबायच्या सुनेला दिलं. सोमीबाय आदल्या पावसाळ्यात गेली होती. सुनेने गाणं लावलं, अंगणात भात राखत उभं राहून पूर्ण ऐकलं, आणि हिरीचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आपल्या मुलीला हाक मारून बोलावलं, ही बघ तुझी आत्या. सिस्टरनी मुलीचा दंड धरून बघितला, सगळ्या लशी झाल्यात ना म्हणून विचारलं आणि निघाल्या.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. किन्हवलीच्या अलीकडे माझ्या पाठीवर काहीतरी टेकलं. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. मी गाडी हळू केली, हाक मारली. उत्तर आलं नाही, पण श्वास पाठीला जाणवत होता, लांब आणि संथ. सिस्टर झोपल्या होत्या. बारा वर्षांत मी त्यांना कधी डुलकी घेतानाही पाहिलं नव्हतं. थांबलो तर जाग येईल, वेग घेतला तर पडतील. मी डावा हात मागे नेऊन त्यांचं मनगट माझ्या कमरेशी घट्ट धरलं, आणि एका हाताने, दुसऱ्या गिअरवरच, प्रत्येक खड्डा बघत, मुरबाडपर्यंत गाडी आणली.